पिल्लांचा रकाना

गुरुवार, ५ मार्च २०२६, वरवंड

परवाच्या पानावर मी लिहिलंय की बंदराच्या सर्व्हेच्या तक्त्यात पिल्लांचा रकाना मी कोरा सोडला होता आणि त्यात शून्य ऑफिसने टाकलं. ते चूक आहे. आज मूळ तक्त्याचा फोटो मोबाईलमध्ये सापडला. ८ जानेवारी, खाडीचं तोंड, सकाळी ७.४०. डॉल्फिन – ७. पिल्लं – ०. अक्षर माझं. खाली सही माझी.

दोन दिवस मी ऑफिसला मनातल्या मनात शिव्या घातल्या!

आणि पिल्लं होती. तीन. आईच्या कुशीला चिकटलेली, ती वर आली की वर येणारी. बोटीचे तांडेलमामा सुकाणूवरून म्हणालेसुद्धा – "ताई, पोरंबाळं घेऊन निघालीत बघा!" त्यांनी मोबाईलवर शूटिंगही केलं. मी हसले. आणि शून्य लिहिलं.

शुक्रवार, ६ मार्च

का लिहिलं ते आज कळलं.

शाळेत घालण्याआधी मला आबांनी मोजायला शिकवलं. शिरूरकडच्या माळावर मेंढरं बसवायचे, सांजचं जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी मला उभं करायचे आणि आत जाणारं एकेक मेंढरू मोजायला लावायचे. एकदा मी कोकरंही धरली. डोक्यात टपली बसली – "अंगावर पिनारं मोजायचं न्हाई! दीठ लागती. पयली लोकर उतरली की मग त्ये कळपातलं."

बी.एस्सी. झाले. चाळीस दिवस बंदराच्या सर्व्हेच्या बोटीवर दुर्बीण घेऊन बसले. आणि मोजलं आबांसारखं.

शनिवार, ७ मार्च

स्नेहल मॅडमना फोन केला. सर्व्हे त्यांच्याच कंपनीचा.

"अगं, रिपोर्ट कधीच गेला. सतरा तारखेपासून खाडीतून कोळशाच्या बार्ज सुरू."
मी म्हटलं, वेगाची अट?
"पिल्लं असतील तर निम्मा वेग, अशी अट होती. तू शून्य लिहिलंस, अट गेली."
मग आता दुरुस्त करू या ना!
"तुझे चाळीसच्या चाळीस दिवस बाद ठरतील. परत कोण घेईल तुला बोटीवर? पुढच्या सीझनला बघू."

पुढच्या सीझनला ती पिल्लं असतील का, हे विचारायचं होतं. फोन ठेवला.

रविवार, ८ मार्च

जेवले नाही. आई – "समुद्रातल्या जनावरापायी हितं भाकरी टाकतीस व्हय!"

मंगळवार, १० मार्च

आबांना सांगितलं. सांगायचं नव्हतं. त्यांना वाटेल मी खापर त्यांच्यावर फोडतेय. तसंच झालं.

"म्हंजी चूक माझी हाय म्हन की."
"नाही आबा. सही माझी आहे."

त्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "मोजत नव्हतो, खरं हाय. पर आख्खा कळप कुनाच्या पायानं चालायचा? कोकराच्या. न्हाईच चाललं तर घोड्यावर घालायचं. मला डोळ्यानं दिसत हुतं, म्हनून मोजायची गरज न्हवती. त्या बोटवाल्याला पान्यातलं काय दिसतंय? त्याला तुझा कागुदच दिसनार."

मी रडले. ते म्हणाले, "रडून बोट हळू व्हती का?"

बुधवार, ११ मार्च

बंदराच्या कार्यालयात फोन केला. चौथ्यांदा उचलला. "ज्याची सही, त्यानंच प्रतिज्ञापत्र घेऊन समक्ष यायचं." मेल चालणार नाही.

दौंडला नोटरीकडे गेले. मजकूर वाचून ते चष्म्यावरून बघायला लागले. "मासे? आमच्या दौंडात?"
"मासे नाहीत. पिल्लांना अंगावर पाजतात."
"बरं बरं. पाजू द्या!" म्हणाले आणि शिक्का मारला.

"मी स्वतः तीन पिल्ले पाहिली व शून्य लिहिले." स्वतःचंच वाक्य, पण शिक्का बसल्यावर परत दोनदा वाचलं.

सोमवारी, १६ तारखेला जाईन. बार्ज मंगळवारी सुरू होणार, म्हणजे चालेल. खरं लिहायचं तर सोमवार सोयीचा म्हणून धरला नाही. भीती वाटते म्हणून धरला. चार दिवसांत काहीतरी होईल, कुणीतरी दुसरं सांगेल, माझं जाणं टळेल, अशी आशा. हेही इथे लिहून ठेवते.

गुरुवार, १२ मार्च

दुपारी तांडेलमामांचा मेसेज. काल एक बार्ज चाचणीला सोडली. पूर्ण वेगात. आज सकाळी वाळूत एक पिल्लू. पाठीवर बार्जच्या पंख्याच्या तीन सरळ चिरा. आई अजून तिथेच फेऱ्या मारतेय.

कार्यालय शनिवार-रविवार बंद. सोमवार मी धरला होता!

मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं – "मग आता दोनच ना. कागद बदलावा लागेल तुला."

बदलणार नाही. तीनच राहतील. त्या पिल्लाला मी आधीच एकदा मोजलं नाही.

आबांनी माझी पिशवी दाराशी आणून ठेवलीय. सकाळी सहाची एसटी.

उद्या. शुक्रवार, १३ मार्च.