मधल्या चोराजवळची चांदणी

सौ. सगुणा हिस,

नावाआधी कै. लिहायला हात धजला नाही, म्हणून सौ.च ठेवलं. चौथी शिकलेल्या माणसाची चूक पोटात घाल. काल सांजेपासून जीव थाऱ्यावर नाही, आणि विचारावं असं माणूस तूच. म्हणून हे लिहितोय.

पोरगा आणि सून दुष्काळी कामावर खडी फोडून येतात, ते ताटावरच पेंगतात. मंजी आणि धाकटीला चांदण्या दाखवायचं तुझं काम आता माझ्याकडे आलंय. यंदा आभाळात ढगाचा ठिपका नाही, चांदण्या मात्र रगड.

काल त्यांना आभाळातली म्हातारीची बाज दाखवली. हे चार खूर, वर म्हातारी निजलेली, आणि मागे हे तीन चोर. तू सांगायचीस तसंच सांगितलं. तर मंजी म्हणते, गुरुजींनी शिकवलंय की ते सात ऋषी आहेत. आता खरं काय? ऋषी बाज कशाला चोरतील? आणि खूरच ऋषी असतील, तर म्हातारी निजली कशावर? तू कशी कधी अडखळली नाहीस गं?

मग मंजीने मधल्या चोराला खेटून असलेली बारीक चांदणी दाखवली. अरुंधती. धाकटीलाही दिसली. मला दिसेना. उपरण्याने डोळे पुसले, ओट्यावर चढून पाहिलं. नाहीच. अरुंधती दिसेनाशी झाली की माणसाचे सहा महिने उरतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. मी गेलो तर या पोरींना आभाळ कोण दाखवणार? मृगाच्या पोटातलं तीन चांदण्यांचं तिकांडं तर आत्ताच मावळतीला गेलं. ते सांजेला पुन्हा उगवायला मार्गशीर्ष उजाडेल, तेव्हा मी असेन का?

सहाच महिने, असं मी पुटपुटलो, तशी मंजी जवळ आली.

"आबा, भेता कशाला? आजीलाबी दिसत न्हवती. लग्नातबी दिसली न्हाई, म्हनायची. भटजीला अन् तुमाला घाई हुती, म्हनून व्हय म्हनली."

सगुणे! मांडवाबाहेर मी बोट केलं, तू मान हलवलीस, आणि मी सोयऱ्याधायऱ्यांत सांगत सुटलो की नवरीची नजर घारीची आहे. तुला दिसलीच नव्हती, तरी तू लेकरं वाढवलीस, नातवंडं खेळवलीस. मग ते सहा महिने खोटे? की आधी दिसून नंतर दिसेनाशी झाली, तरच ते लागू होतात? माझं डोकं चालत नाही. आणि नातीला सांगितलंस, मग मला का नाही? मी रागावलो असतो होय?

एवढं मात्र कबूल करतो. मार्गशीर्षात तिकांडं वर आलं की पोरींना अंगणात घेऊन बसेन. तोवर रोज बाज दाखवीन, चोरही सांगीन आणि ऋषीही. अरुंधतीपाशी आलो की बोट मंजी करेल. मला दिसली नाही, तर तुझ्यासारखी मान हलवणार नाही. दिसत नाही असंच म्हणेन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघेन.

तुझा,
मंजीचा आबा