लाटण्यावर चाललेला रणगाडा
सालमिया, शुक्रवार, २ नोव्हेंबर २००१

आज माझा रणगाडा वाळूत चालला!

पहिल्या महायुद्धातल्या अवाढव्य रशियन रणगाड्याची ही मी बनवलेली, रिमोटवर चालणारी लाकडी प्रतिकृती. पुढे दोन प्रचंड चाकं, मागे एक चिमुकलं. खऱ्या रणगाड्याचं ते मागचं चाक पहिल्याच चाचणीत रुतलं आणि तो तिथेच गंजत पडला. एवढ्याशा चाकावर इतका भार का टाकला असेल त्यांनी?

गेल्या शुक्रवारी माझाही रुतला. "अगदी हुबेहूब जमलाय," अविनाश हसला. आम्ही दोघंही इथे आखातात रिफायनरीत इंजिनिअर, पण नवऱ्याचं हसू जास्त झोंबतं. मग बॅटरी पुढे सरकवली, मागचं चाक काढून लाटण्याचा तुकडा बसवला.

आज भुसभुशीत वाळूतून थेट पाण्यापर्यंत गेला!

"रिमोट दे ना जरा," अविनाश म्हणाला.

दिला नाही.