वरची मूठ

३ ऑक्टोबर १९७७

धान-तांदूळ राज्याबाहेर न्यायची बंदी परवापासून उठली. सगळा देश आता एकच बाजार! पेपरच्या मुंबई कचेरीला तार केली: नागपूरच्या व्यापाऱ्यांत उत्साह. उत्साह दोघांत पाहिला. पैकी एक आडत्या.

संध्याकाळी पोहे आणायला रुख्मिणीबाईंच्या भट्टीवर. चौदा वर्षांचा परिपाठ. बाई तराजू ठेवत नाहीत. पायली भरतात आणि वर एक मूठ टाकतात. मूठ फक्त जुन्या गिऱ्हाइकाला. बातमी मीच सांगितली. तापल्या वाळूत भंडाऱ्याचं धान ढवळणारा त्यांचा हात थांबला.

"मंग रायपूरचे गिरणीवाले बी येतीन ना, भाऊ?"

हे तारेत घालायचं राहिलं.

९ ऑक्टोबर

आले. इतवारीच्या बाजारात रायपुरी पोह्यांची पोती — पांढरे, कागदासारखे पातळ, वर स्वस्त. देवराव, तर्री-पोह्याची गाडी लावणारा, रुख्मिणीबाईंचा निम्मा माल एकटा उचलतो. उचलायचा. परवा तिकडे वळला. दिवाळीपर्यंत परतला नाही तर भट्टी विझवायची आणि सून गोपिका विड्या वळायला जाणार, असं घरात ठरलंय. बाईंनी हे मान वर न करता सांगितलं.

१० ऑक्टोबर

लेख लिहून धाडला. भंडाऱ्याच्या धानाला त्या मातीचा वास असतो, तो गिरणीच्या पोह्यांना कुठून येणार, वगैरे. गंध हा पृथ्वीचा गुण — पाठशाळेत घोकलेलं न्यायशास्त्र तीस वर्षांनी पोह्यांच्या कामी आलं.

घरचा अभिप्राय: "लेख वाचून पोहे कोणी घेतं का?"

१६ ऑक्टोबर

लेख छापून आला. घेत नाही.

२३ ऑक्टोबर

देवरावच्या गाडीवर मुद्दाम गेलो. तर्री पडली आणि रायपुरी पोह्यांचा बघता बघता लगदा झाला. शेजारच्या रिक्षावाल्याने बशी तिरपी करून पाहिली.

"काहून गा देवराव, पोहे आता प्यायचे काय?"

देवराव हसला नाही. मी हसलो — तर्री नाकात गेली.

२५ ऑक्टोबर

देवराव भट्टीवर! आधी ऊन, मग म्हशीची तब्येत. पोह्यांवर यायला त्याला पाव तास लागला. बाईंनी भावही थोडा उतरवून सांगितला. पायली भरली, वरून हात फिरवून सपाट केली. मूठ नाही.

"नवीन गिऱ्हाईक हाय," गोपिकेकडे पाहून म्हणाल्या.

त्याने निमूट पोतं उचललं. मला इतकं हलकं वाटलं की येताना विनाकारण जिलबी घेतली. लेखाचा परिणाम सावकाश चढतो, असं घरी सांगितलं. घरच्यांनी जिलबी खाल्ली.

१४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. भट्टी एक दिवसही विझली नाही. देवरावला आज मूठ मिळाली, मला दोन. मी ओंजळीत नाक घातलं आणि म्हणालो, वा, भंडारा!

बाईंनी पायली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "धान रायपूरचा हाय, भाऊ. बंदी उठली तवापासून तोच घेऊन राहिले. सस्ता पडते, म्हणून तं भट्टी टिकली. पण तुमचा लेख आला. गोपिकेले म्हटलं, दिवाळी होऊ दे वं, मग सांगू भाऊले."