कधी जाणार, हे विचारायचं कसं

धुळे, ता. ९ मार्च २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की आजोबांचे पाचोऱ्याचे चुलतभाऊ रुपचंद नानाच उचलतात आणि माझ्याशी इंग्रजी बोलायला लागतात. म्हणून पत्र. गावातल्या लग्नाला म्हणून तुझ्याकडे उतरले, ते लग्न संक्रांतीनंतर लगेच झालं, आणि नाना अजून आहेत?

हॉटेलात मला काउंटरचं काम शिकवताहेत. स्वागत, खोलीची किल्ली, नाश्ता, सगळं इंग्रजीत जमतं. अडतं ते पाहुणा निघायच्या वेळी. आमचे मॅनेजर हितेंद्र सर खोटा पाहुणा होऊन उभे राहतात. मी विचारायचं, ‘व्हेन विल यू चेक आउट?’ म्हणजे, तुम्ही कधी जाणार? त्यांनी म्हणायचं, ‘आय विल लीव्ह टुमॉरो.’ उद्या निघेन. पण माझं तोंडच उघडत नाही. काल उघडलं तर बाहेर काय पडलं, प्लीज, आणखी दोन दिवस राहा ना! सगळे हसले. लहानपणी मामाला कधी जाणार विचारलं म्हणून तू काढलेला चिमटा अजून दुखतो. महिनाअखेर परीक्षा आहे. नापास झाले तर काउंटर सुटलं, मागे बसून चादरींच्या घड्या घालायच्या.

रागावलीस तरी लोभ कमी करू नको.
तुझी वृषाली

चोपडा, ता. २० मार्च

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद. इकडे बठ्ठं बरं शे.

चिमटा काढला ते बरंच केलं. पण तो मामा होता. तुझ्या हॉटेलातला माणूस पैसे टाकून झोपतो, त्याला विचारायला कसली लाज?

माझ्या दुसरीपर्यंतच्या शाळेला हसू नको. तुझं वाक्य मी भाकरी थापता थापता घोकलं. कारण पत्र आलं तेव्हाही नाना इथेच होते. रोज संध्याकाळी म्हणायचे, उद्या निघेन. तुम्हाला शिकवतात तो भविष्यकाळ त्यांना पाठच आहे. गेल्या आठवड्यात पापडांसाठी, बिबड्यांसाठी, ज्वारीचा घाटा शिजवला, तर बिबडे वाळत पडायच्या आधीच अर्धा घाटा त्यांनी तेल घालून खाल्ला.

मंगळवारी शेजारची सुंदरबाई ओट्यावर चहाला आली. नाना तिला सांगत होते की नरडाण्याच्या कारखान्यात आपण साहेबांशी इंग्रजीतच बोलायचो. मी हसून विचारलं, व्हेन विल यू चेक आउट? कप हवेतच राहिला. कळलं नाही म्हणावं तर सुंदरबाईपुढे पत जाते. म्हणाले, येस येस, टुमॉरो. मी लगेच तिला सांगून टाकलं, नाना उद्या निघताहेत.

मग मात्र हात आखडला नाही. टॉवेल-टोपी केली, उरलेले बिबडे बांधून दिले, पाचोऱ्याच्या गाडीत स्वतः बसवून आले. म्हणाले, एवढा मान कुठे झाला नाही. तर बाई, विचारताना हस, आणि निघायच्या वेळी त्याच्या पिशवीला हात लाव. कधी जाणार विचारल्याचं माणसाला लागत नाही, जाताना कोणी जागचं उठलं नाही त्याचं लागतं.

लोभ आहेच, तो कागदावर मागायचं सोंग मला जमत नाही.
तुझी आजी द्रौपदाबाई

धुळे, ता. २ एप्रिल

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पास! सरांनी परीक्षेला खराच पाहुणा समोर उभा केला, चेन्नईहून कामाला आलेले एक साहेब. मी हसले, विचारलं, अडखळले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले तेव्हा त्यांची बॅग घेऊन मी फाटकापर्यंत गेले. सर कुरकुरले, असं पुस्तकात नाही. तेवढ्यात साहेब वळून म्हणाले, ‘आय विल कम अगेन.’ काउंटर माझं झालं.

आखाजीला येते, अक्षय्य तृतीयेची सुट्टी टाकली आहे. माया राखून ठेव, नानांना वाटून संपवू नको.
तुझी वृषाली

चोपडा, ता. ८ एप्रिल

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

काउंटर मिळालं म्हणून डोक्यावर चढू नको. ये, आखाजीचा झोका बांधायला सांगितलाय. पाचोऱ्याहून निरोप आहे, एवढा मान झाला तर आखाजीलाही येईन. बाकी काही नाही, पण हा भविष्यकाळ नाना खरा करतील. तेव्हा या वेळी वाक्य तू विचार, टॉवेल-टोपी मी आणून ठेवते.

तुला मात्र या घरात ते वाक्य कोणी विचारणार नाही. विचारलंच, तर माझी दोन बोटं अजून शाबूत आहेत.

पोचलीस की समजेल, लोभ किती ते.
तुझी आजी