तिगावच्या वावरातले गोलपोस्ट

मी, उषा विजय बारंगे, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार पांढुर्णा, जिल्हा पांढुर्णा, मध्यप्रदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे, डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घातले असते तरी मी ऐकले नसते, हे दोन्ही साक्षीदार सांगतील. माझ्या माघारी मुलांना वकिलाकडे खेटे घालावे लागू नयेत म्हणून माझ्या मालकीच्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे करते.

कलम १. पांढुर्ण्यातील राहते घर मुलगा अभिजीत व मुलगी धनश्री यांना समसमान. विकायचे झाल्यास दोघांच्या सहीने विकावे. बैठकीच्या भिंतीला पडलेला खड्डा धनश्रीच्या चेंडूचा आहे. तो दाखवून कोणी भाव पाडू लागला तर त्याला घर देऊ नये. बँकेतील शिल्लक दोघांनी अर्धी अर्धी घ्यावी. दागिने धनश्री व सून सायली यांनी आपसात वाटून घ्यावेत. त्या भांडणार नाहीत.

कलम २. माझ्या वडिलांकडून वाट्याला आलेला सौंसरचा संत्र्याचा बगीचा, विहीर व मोटारीसह, अभिजीतला. त्याने तो आजवर मन लावून राखला आहे.

कलम ३. माझे यजमान कै. विजय यांच्या सिनेमाच्या कॅसेटी, पोस्टरे आणि काळा चष्मा, हेही अभिजीतला. हे वेड त्याने बापाकडून घेतले. माझे वेड फुटबॉलचे. नागपूरला बी.एड.ला असताना मामांच्या गच्चीवरून मैदान दिसायचे, तिथे लागले. लग्नानंतर यजमानांनी मला हौसेने नागपूरला सिनेमा दाखवायला नेले. पडद्यावर नायक एकटा दहा जणांना लोळवत होता. मी विचारले, "यात पंच कोण आहे?" मागच्या रांगेतले लोक हसले. यजमान मात्र रुसून परतीच्या गाडीत पांढुर्ण्याआधीचे तिगाव स्टेशन येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजपासून सिनेमा माझा, फुटबॉल तुझा." तसाच आमचा संसार झाला.

कलम ४. तिगाव रस्त्यावरचे एक एकर वावर मी माझ्या पगारातून घेतले. ते धनश्रीला देते. या कलमावर घरात बोलणे झाले आहे, म्हणून कारण लिहिते.

त्या वावरात संत्रा टिकला नाही. झाडे वाळली, जमीन मोकळी झाली आणि गावातली मुले तिथे खेळू लागली. धनश्री तेव्हा आठवीत होती. बांबूच्या दोन खांबांमध्ये ती गोलकीपर म्हणून उभी राहायची. यजमानांचे थोरले बंधू बापूजी यांनी ते पाहिले आणि तडक घरी आले.

"बारंग्यायची पोरगी पोट्ट्यायच्या मांगं धावून राहिली. लोकायले काय तोंड दाखवू मी?"

यजमान थोरल्या भावापुढे कधी मान वर करत नसत. त्या दिवशी म्हणाले, "दादा, ते धावून नाही राहिली. गोलकीपर आहे. जागेवर उभीच असते."

मला हसू आवरले नाही. बापूजींना तेच लागले. दुसऱ्या दिवशी वावरात गेलो तर बांबू उपटलेले. कोणी उपटले हे विचारायची गरज नव्हती. धनश्री रडली नाही. दोन दगड ठेवून खेळली. बापूजींनी आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवणे बंद केले. लग्नकार्यातही समोरासमोर आलो तर ते भिंतीकडे बघत.

पुढे गावातली टॉकीज बंद पडली आणि तिचे सामान विकायला निघाले. यजमान सकाळी गेले ते तिकीट खिडकीपुढचे लोखंडी पाइप बैलगाडीत घालून घेऊन आले. ज्या रांगेत त्यांची जवानी गेली, त्या रांगेचे ते पाइप. वेल्डिंग करून, पायाशी सिमेंट ओतून त्यांनी गोलपोस्ट उभे केले. मला म्हणाले, "आता उपटून दाखवा म्हणा."

धनश्री आज छिंदवाड्याला खेळाची शिक्षिका आहे. दर रविवारी येऊन ती त्या वावरात मुलींना शिकवते. यंदा अभिजीत म्हणाला, "आई, वावर डांबरी रस्त्याले लागून आहे. प्लॉट पाडू ना. पोरी काय, कुठीही खेळतीन."

मी विचारले, "कुठी?"

पुढच्या रविवारी तो स्वतः तिथे गेला, मुलींचा खेळ संपेपर्यंत बांधावर बसला आणि घरी येऊन म्हणाला, "देऊन टाक तिले." म्हणून हे कलम दोघांच्या संमतीचे आहे. धनश्रीने हयातभर ते मैदान मोकळे ठेवावे. पुढचे पुढच्यांनी पाहावे.

कलम ५. मोठा टीव्ही धनश्रीच्या संघाला. यजमानांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ज्या माणसाच्या तोंडी उठता-बसता सिनेमातले संवाद, तो नुसता डोळ्यांनी बोलू लागला. मी सिनेमे लावले की तोंड फिरवायचे. पाठ असलेले शब्द ओठांवर येत नाहीत, त्याचा त्रास होत असावा. म्हणून मी वर्ल्ड कप लावला. फुटबॉलमध्ये त्यांना काहीच पाठ नव्हते. महिनाभर शेजारी बसून त्यांनी सगळे सामने पाहिले. शेवटच्या सामन्यात अर्जेंटिनाच्या खेळाडूला पाडले तेव्हा पलंगावरून आवाज आला, "फाउल!"

मी टीव्ही सोडून त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी पुन्हा म्हटले, अर्धेमुर्धे, पण म्हटले. गोल कोणी केला ते मला त्या दिवशी कळलेच नाही. त्यानंतर थोडे थोडे शब्द आले. माझे नाव आले. पुढच्या पोळ्यानंतर ते गेले.

कलम ६. बापूजी बारंगे यांना मी काहीही देत नाही. यामागे राग नाही. भाऊ गेल्यावर ते पुन्हा घरी येऊ लागले. मी विचारले, साक्षीदार व्हाल का? ते हो म्हणाले, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही.

काल त्यांना हा कागद वाचून दाखवला. बांबूंपाशी आल्यावर मी थांबले.

"बापूजी, हे खोडू का?"

"काहून खोडते? आन कोणी उपटले ते सरळ नाव घालून लिव्ह ना. लपवून काहून राहिली?"

मी म्हटले, एवढे शब्द पुरे आहेत. ते म्हणाले, मग सहीच्या खाली मी माझ्या हाताने दोन ओळी घालतो. वकिलांनी सांगितले, चालेल. त्या तशाच राहू द्याव्यात.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे. पुढच्या जूनमध्ये वर्ल्ड कप आहे. तोपर्यंत या कागदाची गरज पडू नये अशी इच्छा आहे.

स्थळ: पांढुर्णा
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) उषा विजय बारंगे

साक्षीदार १: (सही) अमिता गजेंद्र नासरे, शेजारी, पांढुर्णा

साक्षीदार २: (सही) बापूजी बारंगे, पांढुर्णा
बांबू मी उपटले. पोरगी चांगली खेळे.