मुठीतला फासा

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू बदलीच्या गावी सुखरूप पोचलीस हे कळलं. इकडे तुझी लेक मजेत, मीही मजेत, तुझी पातेली तेवढी जरा काळवंडलीत. काल दूध उतू गेलं, कारण समोरच्या गच्चीवर एक माणूस दोरीने सायकल वर ओढत होता. चढवली पठ्ठ्याने! का चढवली, देव जाणे. असो.

बिट्टीला तुझ्या त्या स्पीच थेरपिस्टकडे नेतो. पोरं त्यांना खेळबाई म्हणतात. पण ताई, माझं डोकं चालेनासं झालंय. पोरीला बोलतं करायला न्यायचं, आणि तिथे काय, तर सापशिडी! तीही धड नाही. बाई फासा मुठीत धरून नुसत्या बसतात. बिट्टी त्यांच्याकडे बघते, त्या बिट्टीकडे बघतात, मी दोघींकडे बघतो. पोरगी हात पुढे करते तरी बाई ढिम्म. मला वाटलं, यांना डुलकी लागली. बरं, जागं करावं तर परक्या बाई.

मग मी शक्कल लढवली. दुसरा फासा खिशात घालून नेला आणि टेबलाखालून गुपचूप बिट्टीच्या हातात दिला. काय खुलली म्हणून सांगू! बाई मात्र हिरमुसल्या. का ते कळलं नाही.

या भटक्या भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी

ता. १६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

अरे शहाण्या, बाई डुलक्या घेत नव्हत्या, वाट बघत होत्या! बिट्टीने तोंडाने ‘दे’ म्हणावं म्हणून तो फासा मुठीत. आणि तू टेबलाखालून तस्करी करतोस? कपाळ माझं!

नीट वाच आता. पुढच्या महिन्यात शाळेत भेट आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्यात, पाणी हवं, शू लागली, एवढं तरी मुलीने आपण होऊन सांगितलं पाहिजे. नाहीतर आणखी एक वर्ष घरी. सगळ्या गल्लीतली पोरं शाळेत जातील आणि ही खिडकीत बसेल. तेव्हा बाईंना खरं काय ते सांग आणि पाय धर त्यांचे.

खरं सांगू, तिला असं तिष्ठत ठेवलेलं मलाही बघवलं नसतं. त्यात तू मामा. रागावलेय, पण जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

ता. २२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या आणि फासा माझ्याच मुठीत दिला. म्हणाल्या, आता तुम्हीच धरा, आणि तोंडाला कुलूप. ताई, मला! रोज खेळलो. बिट्टी फुरंगटायची, माझी बोटं एकेक करून उघडायला बघायची. (बोटांना जोर आलाय, हे बाईंना आवडलं.) शब्द मात्र नाही.

काल शाळेतली भेट झाली. तिथल्या दारावर एक घंटा आहे, पितळी, मी ती... ते राहू दे. मुख्याध्यापिकांनी बिट्टीला नाव विचारलं, रंग विचारले. ही गप्प. मी जीभ दातांखाली धरून बसलो. ऊन मी म्हणत होतं, पोरीचे ओठ सुकले होते. ती टेबलावरच्या तांब्याकडे बघायला लागली. माझा जीव वरखाली. आता मागेल, आता मागेल! तेवढ्यात त्या भल्या मुख्याध्यापिकांनी काय करावं? ग्लास भरून तिच्या पुढ्यात ठेवला!

मी झडप घालून तो ग्लासच उचलला आणि छातीशी धरून बसलो. मुख्याध्यापिका खुर्चीतून अर्ध्या उठल्या. शिपाई दारात आला. बिट्टीने माझ्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. डोळे भरले तिचे. मी मेल्यासारखा गप्प. आणि मग माझी बाही ओढून ती ओरडली, ‘मामा, दे! पाणी दे!’

अर्धं ती प्यायली, अर्धं टेबलावर सांडलं. तिला शाळेत घेतलं, ताई. मला मात्र पुढचं बोलणं होईतो बाहेर बसवलं.

सगळे म्हणतात, छान झालं. पण तहानलेल्या लेकराच्या तोंडचं पाणी मी काढून घेतलं, आणि ती रडली. रात्री माझ्याच कुशीत झोपली, तेही कोडंच. मी केलं ते बरोबर की वाईट? मला खरंच कळत नाही. तू आई आहेस, तू सांग.

उत्तर लवकर धाड, आणि आहे तो जिव्हाळा तसाच असू दे.

तुझा,
भिंगरी