पिंपातला हात

मंगळवार, दिवेलागण

डॉक्टर म्हणाले, ह्यांच्या कंपवाताला इतक्या वर्षांची फवारणीही कारण असेल, नक्की सांगता येत नाही. घरी येऊन बघते तर आमचे दिवटे चिरंजीव द्राक्षांचं औषध पिंपात कोपरापर्यंत हात घालून ढवळतायत! म्हणे, "आई, हाताशिवाय गुठळ्या कळत नाहीत. दादांनी असंच केलं." केलं ना! त्याच बापाच्या शर्टाचं बटण रोज मी लावते, ते दिसत नाही? कसली मेली अक्कल!

पण नात माझी गुणाची. बापाचा हात ओढून साबणानं धुतला, म्हणाली, "पप्पा, तुमची बटणं मी लावणार नाही." चिरंजीव काठी शोधायला गेले. अशी खूश झाले मी!

हेच मी ह्यांना जन्मभर सांगत होते. तेव्हा मी अडाणी.